स्वदेसी: मुंबईच्या रॅपमधला जंगलाचा आवाज

‘स्वदेसी’ हा मुंबईचा हिप हॉप गट 2013च्या सुमारास उभा राहिला. एमसी मवाली, तोडफोड, 100 आरबीएच हे त्याचे ठळक आवाज. इंग्रजीची नक्कल न करता त्यांनी मराठी, हिंदी, गुजराती अशा घरच्या भाषांत रॅप केला. विषयही घरचेच: जमीन, जात, सत्तेची मुजोरी.

2019चे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे त्यांचे सर्वांत मोलाचे काम. मुंबईतल्या आरे जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यांचा गाता गळा त्यात रॅपच्या बरोबरीने उभा आहे. लोकगीत इथे निव्वळ सजावट म्हणून येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. भातसा धरणाचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शहापूरच्या वारली, ठाकूर पाड्यांना शहरासाठी जंगल गमावण्याचे हे दुःख परके नाही.

2020मध्ये ‘चेतावणी’ हा अल्बम आला. मार्च 2022मध्ये गुजरातीत रॅप करणारा तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. ‘गली बॉय’ चित्रपटातल्या ‘इंडिया 91’ या गाण्यातही त्याचा आवाज आहे.