साडेबारा टक्क्यांची बोलणी



नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून जाताना इमारतींच्या मधोमध पोदी गाव लागते. आपल्या सोसायट्या, बागा, शाळा उभ्या आहेत ती सगळी भाताची जमीन होती. 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. शेतकरी एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. तेव्हापासून आजपर्यंत या दोघांमध्ये बोलणी चालू आहेत. कधी ती यशस्वी झाली, कधी रखडली, कधी रक्त सांडल्यावरच सुरू झाली. समोरासमोर बसलेल्या दोन बाजूंचे जुळते कधी आणि फिसकटते कधी, हे समजून घ्यायला याच्याइतके जवळचे उदाहरण आपल्याला दुसरे नाही.

सुरुवातीची सगळी भांडणे एकरी दराची होती. दरावर बोलणी अडली की त्यातून वाट काढणे फार कठीण असते. बाजारात मासळीचा भाव करावा तसे होते. एकाने शंभर वाढवले की ते दुसऱ्याच्या खिशातून जातात. शेतकऱ्याची अडचण याहून खोल होती. पैसे आले तरी ते संपणार आणि मग पोरांनी करायचे काय? हा प्रश्न दराच्या आकड्यात बसतच नव्हता. 1984 च्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदराच्या भूसंपादनावरून आंदोलन पेटले. 16 आणि 17 तारखेला दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे इथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. आंदोलनाचे नेते होते जासईचे दि. बा. पाटील.

या लढ्यातून एक वेगळी मागणी पुढे आली. संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत द्या. माझ्या मते इथे बोलण्यांचा विषयच बदलला. किती पैसे, हा प्रश्न मागे पडला आणि शहराच्या वाढीत शेतकऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न पुढे आला. सिडकोकडे रोख कमी होती, पण विकसित भूखंड तयार होत होते. शेतकऱ्याला शहरात पाय रोवायला जागा हवी होती. म्हणजे दोघांनाही काहीतरी देता येण्यासारखे आणि घेता येण्यासारखे होते. 1990 साली शासन निर्णय निघाला, 1994 साली त्याची व्याप्ती वाढली.

पण दि. बां.चे नाव घेतल्याशिवाय हे पुरे होत नाही. समोर बसणाऱ्या माणसाचा शब्द मागे उभ्या असलेल्या गावांनी मानला पाहिजे. आमदार-खासदार म्हणून विधिमंडळात आणि संसदेत वावरलेला हा माणूस मंत्रालयात जे कबूल करील, ते जासई-पागोट्याच्या ओट्यावरही उभे राहून सांगू शकत होता. मुंबईच्या गिरणी संपात नेमके हेच नव्हते. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. कायद्याने मात्र बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. ज्याच्यामागे कामगार, त्याला टेबलावर जागा नाही. ज्याला जागा, त्याच्यामागे कामगार नाहीत. शिवाय अनेक मालकांना गिरणी बंद राहिली तरी घाई नव्हती. तो संप रीतसर मिटलाच नाही. याउलट आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीत, 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसायचे बंद केले. सहा वर्षे जमिनी ओस पडल्या. लोकांनी लाकडे तोडून, मोलमजुरी करून दिवस काढले, पण खोतांचे उत्पन्नही तुटले. न बोलण्याची झळ दोघांनाही बसली, सरकारला मध्ये पडावे लागले आणि पुढे कुळकायद्याची वाट मोकळी झाली.

करार झाला म्हणजे बोलणी संपली, असे आपण समजतो. माझे सगळ्यात मोठे दुःख इथे आहे. एका एकराचा हिशेब करून बघा. चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पण सामाजिक सुविधांच्या नावाने त्यातले पावणेचार टक्के कापले जातात आणि हातात येतात साडेतीन गुंठे. घोषणा पाच गुंठ्यांची, ताबा साडेतीनचा. त्यात सातबाऱ्यावर दहा वारस असतील, तर वाटणीचे भांडण घरात सुरू. ज्या न्हावा-शेवा बंदराच्या लढ्यात माणसे गेली, तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पडायला 2014 साल उजाडले. तीस वर्षे! ज्यांनी झेंडा धरला त्यातले कितीतरी तोवर गेलेही.

हे विसरले जात नाही. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठवायची वेळ आली तेव्हा वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाड्याची माणसे हा सगळा अनुभव गाठीशी बांधूनच चर्चेला बसली. 2013 च्या नोव्हेंबरात साडेबावीस टक्क्यांवर मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसमोर तडजोड झाली, घरांनाही वेगळा मोबदला ठरला. तरी 2018 च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झाले तेव्हा अनेक घरे जागेवरच होती. नव्या घराचे बांधकाम, तोवरचे भाडे, देऊळ, शाळा, स्मशान: टक्केवारी ठरली होती, या गोष्टी पूर्ण व्हायच्या होत्या. गावकरी अडून बसले असे शहरात सहज बोलले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. आधी घर, मग घर सोडणे, एवढेच ते मागत होते.

आता तेच टेबल आपल्या दाराशी आले आहे. विचुंबे, आकुर्ली, सुकापूर, नेरे ही गावे विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात आहेत. इथे संपादन नाही, नगररचना परियोजना आहे. चाळीस टक्के जमीन भूखंडरूपाने मालकाकडे राहते, साठ टक्के रस्ते आणि सुविधांकडे जाते. कागदावर हा वाटा साडेबारा आणि साडेबावीसपेक्षा मोठा आहे, तरी विरोध मोठा आहे. अधिकारी नकाशे दाखवतात, शेतकरी सुधारणा शुल्काचे आणि ताब्याच्या तारखेचे विचारतो, आणि बैठक तिथेच थांबते. विचुंब्याच्या शेतकऱ्याला आपला भूखंड नेमका कुठे, कोणत्या रस्त्याला लागून आणि कोणत्या साली मिळणार, हे आधी लेखी मिळायला हवे. ती तारीख चुकली तर भरपाई कोण आणि किती देणार, हेही त्याच कागदावर लिहिलेले हवे. चाळीसच्या आकड्यावर पुन्हा घासाघीस करण्यापेक्षा सिडकोने पुढच्या बैठकीला हा कागद घेऊन यावे, आणि गावांनीही त्यावर सही करू शकेल असा, सगळ्यांनी मानलेला माणूस पाठवावा.