वणवा डोंगरात, तोटा शिवारात
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत वणव्याचे काय काम, असे कोणी विचारील. मालेगाव-नांदगावच्या शिवारात जंगल आहेच किती? पण गिरणा उगम पावते ती सुरगाणा तालुक्यात, केमच्या डोंगरात. त्या उतारावर पाणी मुरले तर ते दिवाळीनंतरही नदीला पाझरते. मुरले नाही तर पुराने निघून जाते आणि जाताना माती धरणात नेऊन टाकते. म्हणून डोंगर जळाला की नुकसान आपलेही होते.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा आभाळातून पडत नाही, माणसाच्या हातून लागतो. मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पाने यावीत, गवत लवकर फुटावे म्हणून काडी लावतात. कधी विडीचे थोटूक, कधी बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्या. बोट मात्र दाखवले जाते राब भाजणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याकडे. त्याचा राब नागली-भाताच्या रोपापुरता असतो. भोवती पाला झाडून घेतला आणि राखण ठेवली तर तो जंगलात जात नाही.

आता जंगलाचे काय होते ते पाहू. एका वणव्याने आपले जंगल मरत नाही. साग, पळस, तेंदू बुंध्यातून किंवा मुळातून पुन्हा फुटतात. कुसळीचे बी तर आपल्या कुसळाने पीळ घेत मातीत शिरते आणि आगीतून वाचते. पण तोच डोंगर दरवर्षी पेटला तर? वीतभर वाढलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात जळतात. मोठी झाडे उभी दिसतात, त्यांच्या जागी येणारे कोणी उरत नाही. तरुण पोरे निघून गेलेल्या गावासारखी त्या जंगलाची गत होते. आग आणि बेसुमार चराई एकत्र आली की पवन्या, मारवेल ही चांगली गवते हटतात, कुसळी माजते. कुसळ धरल्यावर ती जनावराच्या तोंडाला लागत नाही. मोकळ्या जागेत घाणेरी शिरते. ती जळाली तरी पुन्हा फुटते आणि पुढच्या वणव्याला सरपण पुरवते.

राख म्हणजे खत, असे म्हणतात. हिशोब करा. पाल्यातले बहुतेक नत्र धुरात जाते. पालाश आणि चुना राखेत राहतो. उतारावर तो पहिल्या जोराच्या पावसात वाहून जातो. उघड्या मातीवर थेंब आदळतात, वरचा थर घट्ट होतो आणि पाणी मुरायचे थांबते. शेतातल्या पऱ्हाट्यांनाही हाच हिशोब लागू आहे. बोंडअळीसाठी त्या वेळेवर काढाव्याच लागतात. पण बांधावर पेटवण्यापेक्षा कुट्टी करून खत केले तर नत्र आपल्याच रानात राहते.

यात हवामान बदलाची भर पडली आहे. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प ती माती, गवत, पाला यांतूनच ओढते. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडून गवत माजते आणि पुढे कडक उन्हात तेच लवकर वाळते. काडी तीच, पण आग मोठी. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. तिथल्या एका जातीच्या पाइनची बोंडे आगीच्या धगीनेच उघडतात, म्हणजे ते झाड आगीला सरावलेले आहे. पण नवे झाड बी धरण्याआधीच दुसरी आग आली तर तेही संपते. दोन वणव्यांमध्ये किती वर्षे मिळतात, यावर जंगलाचे जगणे ठरते. तापलेली हवा आणि आपली काडी मिळून ती वर्षे कमी करत आहेत.

मग करायचे काय? १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे, आणि ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. गावकऱ्याला भीती ही, की खबर देणाऱ्यावरच आळ यायचा. म्हणून तो लांबूनच पाहतो. जंगल सरकारचे आणि चाकरी गावाची, अशा व्यवस्थेत दुसरे काय होणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तो हक्क मिळाल्यावर तेंदूपानाचे उत्पन्न सोडले, कारण त्यापायी झाडे छाटावी लागतात आणि जंगल पेटते. गावाने बांबूवर भर दिला. मालकी हातात आली, तेव्हा गावाने तोटा-नफा स्वतः मोजला.

आमचे म्हणणे सरळ आहे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी डोंगराकडेच्या प्रत्येक गावात जाळरेषा निघाल्या पाहिजेत, त्यांची मजुरी गावाला आणि वेळेवर मिळाली पाहिजे. आगीची खबर देणाऱ्याला संशयित धरू नये. सामूहिक वनहक्काचे अडकलेले दावे निकाली काढावेत. आणि आपण खालच्या गावांनी सुरगाण्या-कळवणच्या शेतकऱ्याच्या मागे उभे राहावे. त्याने डोंगर राखला तरच आपल्या विहिरीला पाणी राहील. हा ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडा, आणि मंजूर झाल्याची नक्कल पुढच्या बैठकीला घेऊन या.