वाऱ्याचे मोजमाप : मनोरा, ध्वनी आणि प्रकाश



वाऱ्यापासून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग मोजण्यात शेकडा ३ ची चूक झाली, तर शक्तीच्या अंदाजात जवळजवळ शेकडा ९ ची चूक होते. पवनचक्क्यांना कर्ज देणारी बँक म्हणूनच वाऱ्याच्या नोंदी आधी पाहते.

आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा वायुवेगमापक सिद्ध केला. त्याचा तीन वाट्यांचा वंशज आजही मनोऱ्यांवर फिरत असतो. परंतु शंभर मीटरांचा मनोरा उभारणे खर्चाचे, आणि समुद्रात तर फारच. यातून जमिनीवरूनच वरचा वारा जोखणारी दोन साधने पुढे आली. सोडार आकाशात ध्वनीचे स्पंद सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीची वारंवारता किती बदलली, त्यावरून वेग काढतो. लायडार हेच काम हवेत तरंगणाऱ्या कणांवर लेसरचा प्रकाश टाकून करतो. सोडार स्वस्त, पण पाऊस आणि झाडांवरून येणारे प्रतिध्वनी त्याला सोसवत नाहीत. (त्याची टिवटिव शेजाऱ्यांना सोसवत नाही, हे निराळेच!) लायडार अधिक अचूक, दाट धुके मात्र त्याची दृष्टी अडवते.

तथापि खरा भेद याहून खोल आहे. वाटी एका बिंदूपाशी वारा मोजते. लायडारचा किरण उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून फिरवला, तर शंभर मीटर उंचीवर त्याचे वर्तुळ सुमारे ११५ मीटर व्यासाचे होते. त्या सबंध वर्तुळात वारा एकसारखा वाहतो, असे गृहीत धरूनच आडवा वेग काढला जातो. डेन्मार्कमधील होव्सोरे येथील सपाट चाचणीक्षेत्रात उंच मनोऱ्याशेजारी लायडार ठेवून पाहिले, तेव्हा त्याची सरासरी वाट्यांशी उत्तम जुळली. टेकडीच्या माथ्यावर मात्र वारा चढतो, वळतो, उतरतो. तेथे लायडार बहुधा खऱ्यापेक्षा कमी वेग सांगतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारांच्या कडांवर केवळ त्याच्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

पवनचक्क्यांच्या चाचणीच्या २०१७ मधील आंतरराष्ट्रीय मानकाने या साधनांना मान्यता दिली ती सपाट भूमीपुरती, आणि शेजारी एक लहान मनोरा साक्षीला ठेवण्याच्या अटीवर. अट रास्तच होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने खंबातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून दूर समुद्रात, लायडार बसवला. तेथे टेकडी नाही, त्यामुळे गृहीतक बरेचसे खरे ठरते. आणि उंच मनोऱ्याचा खर्च वाचण्याचा लाभही समुद्रातच सर्वाधिक.