बंदूक कुठल्या ओळीत लिहू?

आज आम्ही नांदूरघाटला एका खर्चाचं बोलायला उभे आहोत. बियाण्याचा नव्हे, खताचा नव्हे. बंदुकीचा.

हसू नका. आपल्या बीड जिल्ह्यात बंदुकीचे परवाने हजारावर गेले होते. 2024 च्या डिसेंबरात आपल्याच केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. मग परवान्यांची तपासणी झाली. 2025 मध्ये शंभरावर परवाने रद्द झाले. परवाना गेला की हत्यार जमा करावं लागतं. पैसा अडकतो तो अडकतोच.

आमच्या थोरल्या भावाकडं लेकीचं लग्न ठरलं. त्याच वेळी पोरगा म्हणाला, "आबा, मला रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. चारचौघांत वजन राहतं." किंमत लाखाच्या घरात. भाऊ गप्प. वहिनी उठल्या आणि वही घेऊन आल्या. रात्रीच्या वर्गात शिकलेलं त्यांचं अक्षर, जरा वाकडं, पण स्वच्छ. मुकादमाची उचल. सोसायटीचं कर्ज. किराणा. मणी-मंगळसूत्र. मंडप. डीजे.

वहिनी म्हणाल्या, "आता सांग, बंदूक कुठल्या ओळीत लिहू? कुठली ओळ खोडू?"

पोरगा म्हणाला, "कट्टा स्वस्तात मिळतो."

तेव्हा आम्हाला बोलावंच लागलं. बाबा रे, विनापरवाना हत्यार सापडलं तर कमीत कमी दोन वर्षांची कैद आहे. वकिलाला पैसे कोण देणार? लग्नात हौसेनं बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर परवाना असला तरी दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2019 साली कायद्यात तसं घातलं आहे.

ज्याला खरी गरज आहे, त्याला आम्ही नको म्हणत नाही. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. (रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, हे ध्यानात ठेवा.) पण वजन राहावं म्हणून?

पोरगा फणकारला, "मग डीजे तरी कशाला?"

खरं सांगतो, याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. वहिनींनी पेन्सिल त्याच्याच हाती दिली. त्यानं डीजेची ओळ खोडली. बंदूक लिहिलीच गेली नाही.

बेरीज तरी अजून जुळलेली नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचंच आहे.