करमणुकीचे मोल



'ख्रिस्ती तरुण, त्याची श्रद्धा आणि त्याची करमणूक' हा विषय चालकांनी मला दिला तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. श्रद्धेचा विषय देवळाचा किंवा चर्चचा आणि करमणुकीचा विषय तंबूचा. या दोहोंची गाठ व्याख्यानाच्या मांडवात कशी घालावयाची? परंतु १८७५ साली पुण्यास महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती याच हेतूने, की उन्हाळ्याची मोकळी संध्याकाळ माणसाने विचारात आणि आनंदात घालवावी. तेव्हा मोकळ्या वेळाचे काय करावे, हा प्रश्न या व्यासपीठाला परका नाही. मी तो एका ख्रिस्ती तरुणाच्या बाजूने मांडणार आहे. पण तो आपल्या सर्वांच्याच घरचा आहे, हे थोड्याच वेळात आपल्या लक्षात येईल.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला करमणुकीची ओळख बहुधा एका यादीने होते. तमाशा पाहू नये. जुगार खेळू नये. दारूच्या बैठकीत बसू नये. सिनेमाला जावे की नाही, यावर दोन पिढ्यांचा वाद. मित्राच्या वरातीत नाचावे की नाही, यावर आईचा आणि मुलाचा वाद. या यादीची मी थट्टा करणार नाही. आमच्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी दारूने आणि जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे विहिरीचा कठडा होता. परंतु कठड्याने पडणे टळते, तहान भागत नाही. ज्या मुलाला धर्माने फक्त 'नको' शिकविले, तो रविवारी सकाळी भक्ती करतो आणि उरलेल्या आठवड्याचा आनंद दुसरीकडून उसना आणतो. मग त्याची श्रद्धा एका खोलीत आणि त्याचे हसणे दुसऱ्या खोलीत राहू लागते.

ही तक्रार आजची नव्हे. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात ती एका नवख्रिस्ती माणसाने पाद्र्यासमोर मांडली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात, की एका नवख्रिस्ताने त्यांना विचारले : आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का करून देत नाही? हा प्रश्न स्टीफन्ससाहेबांनी मनावर घेतला आणि त्यातून १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत, आपल्या पुराणांच्या थाटाने रचलेल्या. त्या पाद्र्याचे मोठेपण मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा यात दिसते, की माणसाच्या आनंदाची भूक त्याने पाप मानली नाही. जे काढून घेतले त्याच्या जागी काहीतरी द्यावे लागते, हे त्याला कळले.

आपल्या काळाच्या जवळ येऊन पाहिले, तर हीच गोष्ट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अधिक धीटपणे केली. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली मिरास त्यांनी सोडली नाही. शेकडो भजने आणि गीते त्यांनी लिहिली. मराठी चर्चमध्ये आजही ती टाळांच्या ठेक्यावर म्हटली जातात. ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. आणि याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून साऱ्या महाराष्ट्राला हसविले आणि रडविले. धर्मांतराने घराची झालेली ताटातूट, दारिद्र्य, दुखणी, सगळे त्या पुस्तकात आहे. पण कोठेही तोंड पाडून बसलेली श्रद्धा नाही. त्या बाई हसतात, आणि पुष्कळदा स्वतःलाच हसतात.

टिळकांच्या या घराचा आपल्या खानदेशाशी एक जिव्हाळ्याचा धागा आहे. धरणगावी १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे हा खानदेशी मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. तो हिंदूच राहिला, आणि ते ख्रिस्तीच राहिले. या घरातील कवितेच्या मैफिलीला धर्माची चिठ्ठी दाखवावी लागत नव्हती. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. त्यांच्या कवितेवर आज खानदेश आपला हक्क सांगतो तसाच तो त्या ख्रिस्ती घराच्या प्रेमालाही आहे, हे आपण विसरू नये.

स्टीफन्स आणि टिळक यांनी आम्हांला आनंदाची भाषा दिली. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. भजन आपल्या चालीवर म्हटले, म्हणजे बाकीच्या सहा दिवसांत काय पाहावे आणि कशाला हसावे, हे आपोआप कळत नाही. त्यासाठी एखादे माप हवे. ते शोधण्याकरिता मी पवित्र शास्त्रातील चार मेजवान्या आपल्यासमोर ठेवतो.

पहिली गालीलातील काना या गावच्या लग्नाची. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूचे पहिले चिन्ह या लग्नघरात घडले. द्राक्षारस संपला होता, यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली होती. तेथे दगडाचे सहा रांजण होते. येशूने ते पाण्याने भरविले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. लक्षात घ्या, पहिले चिन्ह रोग्याच्या बिछान्यापाशी नव्हे, लग्नाच्या मांडवात घडले. तेव्हा आनंद हा श्रद्धेचा शत्रू, असे म्हणावयास आधार नाही. आणखी एक बारीक गोष्ट योहान लिहून ठेवतो : तो द्राक्षारस कोठून आला, हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते, पण पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होते. पंक्तीत बसणाऱ्याला न दिसणारी गोष्ट वाढणाऱ्याला दिसते!

दुसरी मेजवानी हेरोद राजाची. वाढदिवस, सरदारांची पंगत, मुलीचे नृत्य. खूष होऊन राजाने वाटेल ते मागण्याचे वचन दिले, आणि त्या रात्रीच्या करमणुकीचे मोल बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्या शिराने दिले. तिसरी पलिष्ट्यांची. डोळे फोडलेल्या शमशोनाला त्यांनी तुरुंगातून बाहेर आणविले, ते गंमत पाहण्यासाठी. धाब्यावर तीन हजार स्त्री-पुरुष बसले होते, आणि एका आंधळ्याची फजिती हा त्यांचा खेळ होता.

चौथी प्रत्यक्ष मेजवानी नव्हे, पण करमणूक खरीच. वधस्तंभावर नेण्यापूर्वी रोमी शिपायांनी येशूला जांभळे वस्त्र घातले, काट्यांचा मुगुट घातला, गुडघे टेकून राजा म्हणून मुजरे केले. त्या कंटाळलेल्या शिपायांची ती घटकाभराची मौज होती. बंधुभगिनींनो, ज्याच्या प्रभूचीच कोणी एके दिवशी करमणूक केली, त्या ख्रिस्ती माणसाला तरी दुसऱ्याच्या मानहानीवर कसे हसू यावे?

या चार प्रसंगांतून मला माझे माप मिळते. 'हे चालते की चालत नाही?' हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा : माझ्या या आनंदाचे मोल कोण देत आहे? कानाच्या लग्नात ते देणारा स्वखुशीने देत होता, आणि त्याने दुसऱ्याची अब्रू राखली. बाकीच्या तिन्ही ठिकाणी ते एका बंदिवानाकडून वसूल केले गेले.

हे माप घेऊन आता आपण आपल्याच मुलखात फिरू. आखाजी घ्या. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. या गाण्यांत राबणाऱ्या स्त्रीचा श्वास मोकळा होतो. त्याला कोणता देव नाही म्हणेल? परंतु याच आखाजीला पत्त्यांचे डाव मांडून पैसे लावण्याचीही खानदेशात रीत पडली आहे. 'सणापुरते' म्हणून बसलेला माणूस पहाटे उठतो, तेव्हा हरलेली रक्कम त्याच्या खिशातली नसते; ती बियाण्याची असते, मुलाच्या फीची असते. झोका आणि पत्ता दोन्ही एकाच सणाचे, पण एक बाईला विसावा देतो आणि दुसरा तिच्याच डब्यातून पैसे काढतो.

तमाशा घ्या. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो वर्ज्य केला. पण नुसते 'पाहू नको' म्हणून आम्ही मोकळे झालो आणि त्या तंबूतल्या माणसाचा विचार केला नाही. विठाबाई नारायणगावकर यांची हकिकत सर्वश्रुत आहे : दिवस भरलेले असता त्या फडावर उभ्या राहिल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, आणि पुन्हा नाचावयास आल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी २००२ साली त्या गेल्या, त्यापूर्वीचे दिवस ओढगस्तीचेच होते. शिट्टी मारणाऱ्याने तिला माणूस मानले नाही, आणि पाठ फिरविणाऱ्यानेही मानले नाही. ख्रिस्ताने सांगितलेला शेजारी जर कोणी असेल, तर तो त्या पडद्यामागेही आहे.

आणि आता तंबूत जावयाचेही कारण उरलेले नाही. तंबू आपल्या खिशात आहे. मोबाईलवर कोणी घसरून पडतो, कोणाचे बोलणे अडखळते, कोणा मुलीचे चित्र तिला न विचारता गावभर फिरते, आणि आपण हसून ते पुढे पाठवितो. हे करताना आपण चर्चमध्ये बसलेलो असू, मंदिरात बसलेलो असू. कोणत्याच यादीत हे पाप लिहिलेले नाही. पण रोमी शिपायांचे ते अंगण याहून निराळे काय होते?

आता पारोळ्याच्या माणसाने मला सरळ विचारावे असा प्रश्न : बालाजीचा रथ निघतो तेव्हा तू कोठे असतोस? उत्तरही सरळ देतो. माझी उपासना मी एकाच प्रभूला दिली आहे. रथापुढे मी पूजेचे हात जोडत नाही, आणि जोडल्याचे सोंगही करीत नाही. सोंगाने तुमच्या श्रद्धेचाही अपमान होईल. परंतु दार लावून घरात बसावे, असेही मला माझा धर्म सांगत नाही. करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच पेच होता : मूर्तीला वाहिलेले अन्न खावे काय? पौलाने त्यांना जे लिहिले त्याचा इत्यर्थ असा, की अन्न माणसाला देवाजवळ नेत नाही वा दूर सारीत नाही. पण तुझ्या वागण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर जप. म्हणजे तेथेही निकाल पदार्थावर नाही, शेजाऱ्यावर आहे. या सल्ल्यातून सगळे ख्रिस्ती एकच अर्थ काढीत नाहीत. कोणी प्रसाद घेतो, कोणी नम्रपणे नाकारतो. नाकारणाऱ्याने तुच्छतेने नाकारू नये, आणि देणाऱ्याने ती परीक्षा करू नये, एवढे सांभाळले तर गल्लीतला स्नेह टिकतो.

आणि रथाच्या गर्दीत माझे लक्ष एका माणसाकडे जाते. खानदेशात रथाच्या चाकाला मोगरी लावतात. हजारो लोकांचे डोळे वर असतात, आणि मोगरीवाला चाकाशी वाकलेला असतो. रथ वळावा, थांबावा, कोणाच्या अंगावर जाऊ नये, हे त्याच्या हातात. कानाच्या लग्नातल्या त्या नोकरांचा हा भाऊ. उत्सव कोणाच्या जिवावर चालला आहे, हे त्याला ठाऊक असते.

शेवटी रोजच्या जीवनाविषयी थोडे. काम एकीकडे आणि करमणूक दुसरीकडे, ही फाळणी आपल्याकडे पूर्वी इतकी पक्की नव्हती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी जात्याशी आणि शेतात गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापून आली. त्यांनी करमणुकीसाठी वेळ काढला नाही, कष्टातूनच ती काढली. तिचे मोल त्यांनी स्वतः दिले आणि आनंद मात्र सर्वांना वाटला. माझ्या श्रद्धेला करमणूक हवी आहे ती या जातीची.

तरुण मित्रांनो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, मी तुम्हांला नवी यादी देत नाही. जत्रेला जा, गाणे ऐका, सिनेमा पाहा, पोटभर हसा. फक्त पंक्तीतून उठताना एकदा वाढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा. तोही हसत असेल, तर तो आनंद देवाने दिलेला आहे, असे खुशाल समजा.