परदेशी जायचे आहे, आणि जुना खटला आहे



आपल्या गावांतली माणसे आता दूरदूर जातात. कोणी मस्कतला वेल्डर म्हणून जातो. कोणी दुबईला गाडी चालवतो. कोणाचा मुलगा अमेरिकेत असतो, आणि आईबाप नातवंड बघायला जातात. जायचे म्हटले की पासपोर्ट हवा. पासपोर्ट म्हटला की पोलिसांची चौकशी आली. इथेच पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. कधीकाळी बांधावरून मारामारी झालेली असते. कधी पत्ते खेळताना धाड पडलेली असते. मग माणूस म्हणतो, "आपलं नाव पोलिसांत गेलंय. आपल्याला कोण जाऊ देणार?"

ही भीती खरी किती आणि खोटी किती, ते आज पाहू.

आपल्या देशात पासपोर्टचा कायदा १९६७ साली झाला. पासपोर्ट कोणत्या कारणाने नाकारता येतो, हे त्यात लिहिले आहे. साहेबाच्या मनात आले म्हणून नाकारला, असे चालत नाही. परदेशी जाणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

आता पोलिसांतले नाव म्हणजे काय, ते पाहू. त्याचे तीन प्रकार समजा.

पहिला प्रकार. ठाण्यात नुसती तक्रार नोंदलेली आहे. कोर्टाने अजून खटला हाती घेतलेला नाही. अशा नुसत्या तक्रारीला कायदा चालू खटला समजत नाही.

दुसरा प्रकार. खटला कोर्टात चालू आहे. हे मात्र पासपोर्ट नाकारण्याचे कारण होते. पण इथेही वाट बंद नाही. ज्या कोर्टात खटला आहे, त्याच कोर्टाकडे वकिलामार्फत परवानगी मागावी. १९९३ सालच्या सरकारी हुकुमाप्रमाणे अशी परवानगी मिळाल्यावर पासपोर्ट देता येतो. कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा तो असतो. कोर्टाने मुदत सांगितली नसेल, तर एक वर्षाचा मिळतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. पण या कामी ती पायरी चढण्यातच शहाणपण आहे.

तिसरा प्रकार. खटला निकालात निघाला आहे. माणूस निर्दोष सुटला असेल, तर प्रश्नच मिटला. शिक्षा झाली असेल, तर किती आणि कधी, हे पाहावे लागते. कायदा म्हणतो, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नीतीला सोडून केलेल्या गुन्ह्यासाठी, दोन वर्षे किंवा जास्त कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारावा. चोरी, फसवणूक असे गुन्हे त्यात येतात. शंभर-दोनशे रुपये दंड भरून सुटलेला माणूस या कलमात बसत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. २०१४ साली त्याची भाऊबंदांशी बांधावरून काठ्यांची मारामारी झाली. कोर्टाने हजार रुपये दंड केला. तो त्याने भरला. पुढे मस्कतला कामाची संधी आली, तेव्हा तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, एजंट म्हणतो तुझ्या नावावर डाग आहे. वीस हजार दे, मी नाव काढून टाकतो. फॉर्मवर नुसती सही कर."

आम्ही विचारले, "फॉर्म वाचलास का?"

"नाही, गुरुजी. तो म्हणाला, वाचायची गरज नाही."

आम्ही त्याला फॉर्म मोठ्याने वाचायला लावला. खटला चालू आहे काय? नव्हता. पाच वर्षांत दोन वर्षांची कैद झाली आहे काय? नव्हती. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "अहो, मग हा वीस हजार कशाचे मागतो?"

तो तालुक्याच्या कोर्टात गेला. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून आणली. पोलीस चौकशीला आले, तेव्हा त्याने ती स्वतःहून पुढे ठेवली. खरे ते सांगितले. त्याला पासपोर्ट मिळाला, आणि वीस हजारही घरातच राहिले.

आता दुसरी बाजू ऐका. समजा, खटला चालू आहे आणि माणसाने तो लपवला. मग तो नवा गुन्हा होतो. खोटी माहिती देऊन किंवा माहिती लपवून पासपोर्ट घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मिळालेला पासपोर्टही काढून घेतात. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा, म्हणजे आत येण्याची परवानगी, तो दुसरा देश देतो. त्याचे प्रश्न वेगळे असतात. अमेरिकेच्या अर्जात विचारतात, कधीही अटक किंवा शिक्षा झाली होती काय? पुढे माफी मिळाली असली, तरी सांगा. इथे पाच वर्षांची मर्यादा नाही. जुना दंडसुद्धा सांगावा लागतो. एखादाच किरकोळ गुन्हा असेल, तर त्यांच्या कायद्यात काही अटींवर सूट आहे. पण खोटे बोलून व्हिसा मागणाऱ्याला कायमची बंदी होऊ शकते. ब्रिटनमध्येही अर्जात फसवणूक सापडली, तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. गुन्हा लहान, पण खोटे मोठे होऊन बसते.

परदेशातल्या कामासाठी कधी पोलिसांचा दाखलाही मागतात. तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. तिथेही निकालाची नक्कल उपयोगी पडते.

म्हणून चार गोष्टी करा. आपला खटला वरीलपैकी कोणत्या प्रकारात बसतो, ते ठाण्यात किंवा कोर्टात जाऊन नक्की करा. निकालाची नक्कल आणि दंडाची पावती जपून ठेवा. एजंटाकडे १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना आहे ना, ते विचारा. वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. गरिबाला, तसेच सर्व स्त्रियांना, तिथे फुकट सल्ला मिळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपण आता वाचायला शिकला आहात. पूर्वी दुसऱ्याने दाखवलेल्या जागी अंगठा उठवावा लागे. आता तसे करू नका. प्रत्येक प्रश्न बोट ठेवून वाचा. कधी झाले, असे विचारले आहे, की पाच वर्षांत झाले, असे विचारले आहे, ते नीट पाहा. विचारले असेल तेवढेच सांगा, पण सांगाल ते खरे सांगा. एखादा शब्द अडला, तर शिक्षकांना विचारा. मगच सही करा.

एवढे सांगून आम्ही आमचे बोलणे पुरे करतो.