मूल सांगणार नाही

पोट दुखलं की मूल सांगतं, पायात काटा रुतला की ओरडतं. फळा धूसर दिसतो हे मात्र ते सांगत नाही, कारण फळा याहून स्पष्ट दिसतो हेच त्याला ठाऊक नसतं. ते डोळे बारीक करतं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं. आपण म्हणतो, पोराचं अभ्यासात लक्ष नाही.

दोष बहुधा साधा असतो. डोळ्याचा गोळा जरा लांब वाढला की दूरची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. हा मायनस नंबर. गोळा आखूड असला तर प्लस. योग्य काच लावली की दिसतं.

मला खरी धास्ती आहे ती एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेल्या मुलाची. चांगल्या डोळ्यावर ते विटीदांडू खेळतं, सायकल चालवतं. कुणाला शंकाही येत नाही. इकडे मेंदू धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून तो कामाला लावता येतो. उशीर होईल तसं यश घटतं. तिरळेपणातही हाच धोका, आणि आपल्याकडे तिरळं मूल भाग्याचं मानतात! कुणाच्या भाग्याचं, देव जाणे.

तपासणीची सोय आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा यायची असतात. पण आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं पोर त्या दिवशी वर्गात नसतं. हिंगोली जिल्ह्यातल्या गुरुजींना माझी विनंती आहे, अशा गैरहजर मुलांची वेगळी यादी ठेवा आणि पथकाच्या हाती द्या.

चष्मा मिळाला तरी तो कपाटात पडतो, मुलीचा तर हमखास; सोयरीक अडेल म्हणून. चष्म्यानं नंबर वाढतो ही समजूतही खोटी. वाढत्या वयात गोळा लांबतो, म्हणून मायनस वाढतो. मायनस लागूच नये यासाठी मोकळ्या उजेडाचा उपयोग होतो. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज 40 मिनिटं मैदानावरचा तास वाढवला. 2015 साली निष्कर्ष आले: तीन वर्षांत नव्यानं मायनस नंबर लागलेली मुलं 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. मे महिन्याची दुपार तेवढी सोडा.

घरी गेल्यावर मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून लांब उभं करा. एक डोळा झाकून तारखा वाचायला लावा, मग दुसरा. तळव्यानं झाका, बोटांनी नको. पोरं फटीतून बघतात. फरक वाटला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. दुकानातल्या नुसत्या मशीनवर नंबर काढू नका. लहान मूल जोर लावून बघतं आणि नंबर चुकतो. थेंब घालूनच तो नीट कळतो. थेंबांनंतर काही काळ जवळचं अंधुक दिसेल, घाबरू नका.